मानेबद्दल एक अक्षर नाही

॥ श्री ॥

कोरेगाव,
मंगळवार, रात्री

चि. शीतलला आप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस आणि मला मोबाइलवर अंगठ्याने इतकं लांब लिहिता येत नाही, म्हणून दुकानातल्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजू घेतल्यात. संतोष फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, मला विचारू नकोस, माझं मलाच लागत नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मानेबद्दल या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. तू मोठी झालीस, तुझं तुला कळतं, डॉक्टर तिथे आहेत. विषय संपला.

तो फोटो आम्ही बघायला नको होता, हे मला समजलं. तू तो तुमच्या सिनेमात नटनट्यांच्या जागी उड्या मारणाऱ्या फायटर लोकांच्या ग्रुपवर टाकला असशील, तिथून वैशालीच्या स्टेटसला कसा आला ते तुम्ही पोरी बघून घ्या. मेकअपच्या खुर्चीत बसलीयस, अंगावर हिरवी नऊवारी, कमरेला तलवार आणि गळ्यात तो पांढरा पट्टा. वर हसतेस. तुझ्या आईला मी म्हटलं, अगं, शूटिंगचं सोंग आहे ते. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, महाराजांच्या काळात असले पट्टे होते का? तेव्हापासून ती माझ्याशीही बोलत नाही. शनिवार धरलेत.

फोनवर मी चढ्या आवाजात बोललो. सोड ते काम, घरी ये, तलाठ्याची जाहिरात निघालीय, वगैरे. तू म्हणालीस, "आबांची नादिया मला कुणी सांगितली? पेटीवर उभं करून 'शोले'चा टांगा कुणी दाखवला?" आणि फोन ठेवलास. मला उत्तर देता आलं नसतं असं नाही. उत्तर लांब होतं आणि तुझा शॉट लागला होता.

आबांपासूनच धरतो. १९३५ साली ते परळला गिरणीत बदली कामगार होते, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. खोलीतल्या पोरांनी पैसे जमवले आणि ग्रँट रोडला सुपर टॉकीजात 'हंटरवाली' बघितला. वितरक त्या सिनेमाला आधी हात लावत नव्हते. गोरी बाई, तीच नादिया, पायात बूट, तोंडावर मास्क, हातात चाबूक, आणि ही म्हणे राजकन्या माधुरी; आपल्या लोकांना चालायचं का हे? मग वाडिया बंधूंनी स्वतःच लावला आणि तो पंचवीस आठवड्यांच्या पुढे गेला. बाजारात हंटरवालीचे चाबूक आणि कमरपट्टे विकायला आले. आबांनी चाबूक घेतला. लग्न झाल्यावर आक्काने तो म्हशीला वापरला, हे तुला माहीत आहे.

वाडियांचा स्टुडिओ परळलाच. पुढे १९४२ ला शांतारामबापूंनी त्याच जागेत राजकमल काढलं. गिरणीतून सुटल्यावर आबा फाटकाशी उभे राहायचे, बाई गाडीतून जाताना दिसेल म्हणून. दिसली की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही, दर खेपेला वेगळं सांगायचे. अंगणात तुला खांद्यावर घेऊन 'हेऽऽय' अशी तिची आरोळी ठोकायचे आणि शेजारची कुत्री भुंकायला लागायची, ते तुला आठवत असेल.

तिचं खरं नाव मेरी इव्हान्स. १९०८ साली ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मली, लहानपणीच मुंबईत आली. बाप पहिल्या महायुद्धात गेला. पेशावरकडे राहिली तिथे घोड्यावर बसायला शिकली. दुकानात विक्रीचं काम केलं, मग सर्कशीत काम केलं, मग वाडियांकडे. जमशेद वाडिया म्हणाले, नाव नंदादेवी ठेवू आणि काळ्या वेणीचा टोप घालू. दोन्हीला ती नाही म्हणाली. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये, १९३६ साली, गाडीच्या टपावर मारामारी करते, गुंडांना उचलून फेकते. डुप्लिकेट नाही. सिंहांबरोबरची कामंसुद्धा स्वतः केली. १९९६च्या जानेवारीत गेली तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. एवढ्या उड्या मारून बाई अठ्ठ्याऐंशी वर्षं जगली, असं तू मला सुनावणारच आहेस, म्हणून मीच आधी लिहून टाकतो.

पण त्या सिनेमांचा दिग्दर्शक होमी वाडिया. बाई टपावर चढली की हा समोर कॅमेऱ्यापाशी. तिच्याशी लग्न करायची इच्छा असलेला माणूस. घरच्यांचा विरोध म्हणून ते लग्न १९६१ पर्यंत लांबलं. टपावरून न घाबरता उडी मारणाऱ्या बाईलाही घरच्या म्हातारीसमोर थांबावं लागलं, हे आबा तुला सांगायचे नाहीत, त्यांना ते आवडत नसे. सांगायचं ते वेगळंच. तिचा जीव ज्यांच्या हातात होता त्यातला एक माणूस तरी असा होता की तिला काही झालं असतं तर त्याला झोप लागली नसती. तुझ्या वायरच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं, शितू?

हे मानेबद्दल नाही. वायरबद्दल आहे.

तू आईला सांगितलंस, "वायरला ढील पडली." ढील आपोआप पडत नसते. मी रोज मोटारी गुंडाळतो, तारेचा ताण हाताला कळतो, एक वेटोळं सैल गेलं तर मोटार दोन महिन्यांत परत येते. तुझ्या वायरीला पुली, पुलीला क्रेन, आणि ओढायला माणसं. त्यातलं कोण कुठे बघत होतं? त्या सकाळी वजन टाकून वायर एकदा तपासली होती का, का सरळ तुलाच टांगलं? किती उंचीवर होतीस? खाली खोके रचले होते की नुसती गादी? हार्नेस तुझ्या मापाचा होता, का कुणा पुरुषाचा आवळून बांधला होता? तू मागे एकदा गमतीत म्हणाली होतीस, आप्पा, पुरुष फायटरला जॅकेटाखाली पॅड लपवता येतात, मला चोळीत कोपराचं पॅड कुठं ठेवू? तेव्हा मी हसलो होतो. आता रात्री तेच डोक्यात येतं. पाठीला एक पातळ पॅड, ढोपरं उघडी, आणि मान तर उघडीच असते.

झालं, लिहिलं. पुढे जातो.

टांग्याचं सांगतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषाच्या तोंडाची थंडी. आपल्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत बायका एका अंगाला, बापे एका अंगाला, मध्ये कनात. तू पाच-सहा वर्षांची, माझ्या मशीनशेजारी रिळांच्या लोखंडी पेटीवर उभी, अंगात संतोषचा स्वेटर. तुझी आई गेटवर. 'शोले'ची प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावर डाकू कमी आणि रेघा जास्त. टांगा पळायला लागला तशी बायकांच्या अंगाला एक बाई काखेत पोर घेऊन उभी राहिली, नेमकी झोताच्या आड. तिचा अंबाडा आणि पोराचं टोपडं पडद्यावर मोठं होऊन घोडीच्या पाठीवर बसलं. बापे ओरडायला लागले, खाली बस, खाली बस. ती बसली नाही. ती बसंतीला ओरडत होती, हाक, हाक, मागं बघू नगं! मग शेजारची उभी राहिली, मग तिच्या शेजारची. पडद्याचा अर्धा भाग अंबाड्यांनी भरून गेला. मी बघतच राहिलो आणि कार्बनच्या कांड्या सरकवायच्या राहून गेल्या, उजेड पिवळा पडत गेला, बाप्यांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात तू पेटीवरून उडी टाकलीस. हनुवटीला टाके पडले. तुझी आई तिकिटांची थैली गळ्यात तशीच ठेवून तुला घेऊन डॉक्टरकडे पळाली आणि परत आल्यावर मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

म्हणजे मीच दाखवलं, कबूल आहे. पण मी टांगा दाखवला होता, उडी दाखवली नव्हती.

तुला ती पत्र्याची डबी आठवते? कापलेल्या चौकटींची? तिच्यातली एक पट्टी तू शाळेत नेऊन पोरींना एका गोळीला एकदा दाखवायचीस. रीळ परत गुंडाळताना तुटका सांधा सापडावा म्हणून मी फिल्म बल्बसमोर धरायचो. असाच एका रात्री एका सिनेमात (नाव लिहीत नाही) हिरॉइन भिंतीवरून उडी मारते तिथे थांबलो. साडी होती, लांब केसांचा टोप होता, हातभर बांगड्या होत्या, आणि मिशी होती. चांगली कोरलेली मिशी. पडद्यावर कळायचं कारण नाही, सेकंदाला चोवीस चौकटी जातात आणि मिशी दिसायची ती तीन-चार चौकटींत. तंबूतल्या बायका त्या उडीला टाळ्या वाजवायच्या. मी मात्र पुढच्या गावापासून त्या जागी पडद्याकडे न बघता प्रेक्षकांकडे बघायला लागलो.

आपल्याकडे सुरुवातच तशी झाली म्हणा. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात, १९१३ साली, तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. पुढे त्यानेच राम केला आणि सीताही केली, एकाच सिनेमात. १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, दोघी मायलेकी फाळक्यांच्या दुसऱ्या सिनेमात उभ्या राहिल्या. म्हणजे बोलायला, रडायला, नाचायला बायका आल्या. पडायची वेळ आली की टोप घालून पुरुषच. तू फायटरचं कार्ड काढलंस त्या दिवशी फोन केला होतास, "आप्पा, आता मिशीवाल्याचं काम मी करते." मी तेव्हा पेठेत उभा होतो, हातात कोणाची तरी पाण्याची मोटार. एकटाच हसत होतो. लोकांना वाटलं असेल लॉटरी लागली.

आणि टांग्यावर रेश्मा पठाण होती, हेमा मालिनीच्या जागी. शूटिंगमध्ये टांगा उलटला, ती जखमी झाली, तरी तिने काम पुरं केलं. १९७५ चा सिनेमा. माझ्या हातून ती रिळं किती गावांत फिरली, तंबू भरले, उठले, आणि तिचं नाव मला २०१९ साली कळलं, तिच्यावर सिनेमा निघाला तेव्हा. चव्वेचाळीस वर्षांनी! पुसेगावच्या त्या बाईने जिला हाक मारली ती कोण, हे त्या बाईला कधी कळणारच नाही. याचा मला राग येतो. तुला येत नाही, तू म्हणतेस काम मिळालं, पैसे मिळाले, नाव काय चाटायचंय. मला येतो.

नाव नसेल तर ढील कुणी दिली हे तरी कोण विचारणार? एवढंच माझं म्हणणं आहे. हिरॉइनचं नख तुटलं तर सेट थांबतो. तू पडलीस तेव्हा किती वेळ थांबला? तूच सांगितलंस, दुसरी मुलगी तयार होती. ती कंपनी कोण, माणसं कोण, मी विचारत नाही, तू सांगणारही नाहीस. पण इस्पितळात तुला कोण घेऊन गेलं? रिक्षाचे पैसे कुणी दिले?

आता थोडं शहाणपण सांगतो, ऐकून घे. नायिका व्हायला प्रत्येक वेळी उंचावरून पडावंच लागतं असं नाही. प्रभातचा 'कुंकू' मी नंतर टीव्हीवर पाहिला. १९३७ चा. शांता आपटेंची नीरा, म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेलं. त्यात ती घोड्यावर बसत नाही, तलवार घेत नाही. घरात राहून, त्याच ओसरीवर, त्याच माणसांसमोर मान ताठ ठेवून नाही म्हणते. (मान ताठ हा शब्द सहज आला, चिडू नकोस.) आणि ती बाई पडद्याबाहेरही तशीच. १९३९ ला कंपनीशी वाद झाला तेव्हा प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. १९४० ला 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तकच लिहिलं. तिच्यासारखं तुलाही फाटक अडवता आलं पाहिजे. कामाआधी कागद मागायचा. सेटवर अॅम्ब्युलन्स आहे का, विमा कुणाचा, किती दिवस घरी बसावं लागलं तर पैसे कोण देणार, हे तोंडी नाही, लिहून घ्यायचं. फाइट मास्टर चांगला माणूस आहे हे ठीक, चांगली माणसं कागद द्यायला घाबरत नाहीत. आणि दमलेलं असताना तिसरा टेक द्यायचा नाही. आणि पोट रिकामं ठेवून वायरवर चढायचं नाही, भरलेलंही नाही. आणि...

राहू दे. मला स्वतःलाच माझा कंटाळा आला. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि मी वायर फक्त दुकानात बघितलेली. माफ कर.

एक मात्र माफ करणार नाही. तू म्हणालीस, "आईला काय कळणार, तिला 'माहेरची साडी' बघून रडायचं तेवढं माहीत." ते तिने ऐकलं. फोन स्पीकरवर होता.

१९९१ ला तो सिनेमा आला आणि नंतर किती वर्षं आम्ही तो गावोगाव लावला. अलका कुबल पडद्यावर छळ सोसायची आणि बायका पदराला डोळे लावायच्या. तुम्हाला आता ते हास्यास्पद वाटतं. मला तेव्हाही शेवटी शेवटी नको व्हायचं, एकच माणूस रोज रात्री मार खातो आणि आपण मशीन चालवतो. पण बायका पदराच्या गाठी सोडून पैसे द्यायच्या, घामट नाणी, आणि त्याच नाण्यांतून तुझा मल्लखांबाचा दोर आला, साताऱ्याच्या क्लासची फी आली. आणि तुझ्या आईने तो सिनेमा शेवटपर्यंत कधी पाहिलाच नाही. ती गेटवर असायची. दारू पिऊन फुकट घुसणाऱ्यांना कोण अडवायचं? मी मशीन सोडून जाऊ शकत नव्हतो. वडूजच्या रात्री गेटवर ती होती आणि मी आत दुसरं रीळ लावत होतो, बाहेर काय चाललंय ते मला ऐकूही आलं नाही, लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं. तिच्या उजव्या मनगटाचं हाड तसं का आहे, हे तू कधी विचारलं नाहीस. विचार.

हिरकणीचा दाखला तू नेहमी देतेस. बुरूज उतरली, दोर नाही, गादी नाही, वायर नाही. खरं आहे. एसटीच्या गाडीला तिचं नाव आहे, स्टँडवर बायकांनी पोराला पाजायच्या खोलीला तिचं नाव आहे. पण कोजागरीच्या त्या रात्री हिरकणीच्या आईबापाचं काय झालं असेल, हे कुठल्याच पोवाड्यात नाही. तिची गोष्ट लोक सकाळपासून सांगतात, ती सुखरूप खाली पोहोचल्यापासून. उतरत असताना तिचं काय होत होतं हे विचारणारा कुणीच नाही. मी रोज रात्री तिथेच अडकतो, मधल्या कड्यावर.

तुझ्या मालिकेचा भाग गुरुवारी लागला. आम्ही आधी जेवून घेतलं. शेजारची मंडळी आली होती, देशमुख काकू, त्यांची सून, पोरं. महालाच्या सज्जातून ती राणी उडी मारते, दोन्ही हातांत तलवारी, मागे ज्वाळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या नटीचं नाव घेतलं, काय काम करते म्हणाले. मी ऑपरेटर माणूस, माझ्या डोक्यात आपोआप हिशेब चालतो: अडीच सेकंद, साठ चौकटी. त्यात चेहरा कुठेच नाही, पाठ आणि केस. तुझी आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. माझ्याशी अबोला, तरी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तिचाच पाय तो." डावा पाय. दोरावरून सुटताना तू डाव्या पायाचा चवडा ताणतेस, गुरुजी त्यावरून तुझे गुण कापायचे. आमच्यापैकी कुणीच शेजाऱ्यांना काही बोललं नाही. मला सांगावंसं वाटत होतं. पण मग त्यांनी आणखी विचारलं असतं, आता कशी आहे, कुठे असते, आणि मला पट्ट्याचं सांगावं लागलं असतं.

भाग संपल्यावर मी संतोषच्या मोबाइलवर तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला. एका ठिकाणी वाऱ्याने केस बाजूला होतात आणि तुझी हनुवटी दिसते. व्रणासकट. तीन-चार चौकटी असतील. मिशीवाल्याइतक्याच.

असो. कामाचं लिहितो.

एक, एमआरआयची सीडी आणि कागद कुरियरने पाठव. साताऱ्यात आपल्या ओळखीचे हाडांचे डॉक्टर आहेत, ते तुझे वैरी नाहीत, फक्त बघतील. हातापायाला मुंग्या येतात का, रात्री येतात का दिवसा, हे खरं लिही. तुझ्या 'बरी आहे'चा अर्थ मला हनुवटीच्या वेळेपासून माहीत आहे.

दोन, आईला फोन कर. मला नको, तिला कर. दुपारी दोननंतर, तेव्हा मी दुकानात असतो. मानेचं तिला काय सांगायचं ते सांग, पण सोंग आहे म्हणू नकोस, ते मी सांगून झालं आणि चाललं नाही.

तीन, काम सोड असं मी म्हणणार नाही. मनात आहे, पण म्हणणार नाही. साखर कारखान्याच्या मोटारींचं बिल निघालं आहे, त्यातले तीस हजार तुझ्या खात्यावर टाकलेत. भाड्याला वापरू नकोस. तुझा स्वतःचा हार्नेस घे. चांगला, नवा, बायकांच्या मापाचा, मिळत नसला तर शिवून घे, मुंबईत डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाची दुकानं असतील, तिथे विचार. कमर, मांडी, खांदा, तिन्ही मापं नऊवारी नेसून घे, कारण तुला त्यावरच बांधतात. तो कुणाला उसना द्यायचा नाही. रोज रात्री घरी आणायचा, बकलं पुसायची, शिवण बोटाने चाचपायची, एक धागा सुटला तरी वापरायचा नाही. वायर त्यांची असेल, माणसं त्यांची असतील, निदान अंगाला बांधलेलं तरी आपलं असू दे. कमी पडले तर सांग, बँकेतला एक कागद मोडता येतो.

पावती घे. माझ्या नावावर नको, तुझं पूर्ण नाव लिहून घे.

तुझे,
आप्पा